सुपरवॉश लोकरीचा वेण्यांचा पुलओव्हर: आठ महिने घातल्यावर

गेल्या आठवड्यात या पुलओव्हरला परत टेप लावली. धुतल्यापासून तीन आठवडे घालतेय तरी लांबी ६२ सेंटिमीटरच, म्हणून आता लिहायला बसले. सहा महिन्यांपूर्वी लिहिलं असतं तर नुसता राग निघाला असता.

प्रकार नेहमीचाच, गोल गळा, पुढे मधोमध एक रुंद वेणी, तिच्या दोन्ही बाजूंना सहा टाक्यांच्या बारीक वेण्या, पाठ साधी सुलट. अरान जाडीची, म्हणजे जाडसर धाग्याची मेरिनो (मेरिनो मेंढीची मऊ लोकर), ५ मिमीच्या सुया, लोकर ७०० ग्रॅमच्या आसपास गेली. वेण्या लोकर खातात हे विणणाऱ्यांना सांगायला नको, पीळ पडला की कापड आत ओढलं जातं आणि तेवढ्याच रुंदीला टाके जास्त लागतात. साडेतीन महिने विणत होते. वेण्यांबद्दल एकही तक्रार नाही. दर आठव्या ओळीला तीन टाके जादा सुईवर घ्यायचे, पुढे धरले तर पीळ डावीकडे, मागे धरले तर उजवीकडे, दोन्ही बाजूंना दोन-दोन उलट टाके असले की वेणी कशी उठून दिसते! एका ठिकाणी उलटा पडलेला पीळ १६ ओळी पुढे गेल्यावर दिसला. सगळं उसवलं नाही, फक्त ते सहा टाके खाली सोडले आणि त्याच धाग्यानं ओळ-ओळ करत परत वर आणले. तासभर गेला पण आज ती जागा शोधूनही सापडत नाही.

माझा सगळा वाद आहे तो सुपरवॉशशी.

मशीनमधे धुता येते म्हणून तर ही लोकर घेतली होती. पहिल्यांदा तरी हातानंच धुतला, कोमट पाण्यात भिजवला आणि उचलला तर बाह्या लोंबत थेट बादलीच्या तळाला. वाळल्यावर मोजला तर अंग ६० चं ६८ झालेलं, बाही ४६ ची ५२. साडेतीन महिन्यांचं काम आणि अंगात घातलं तर बोटंसुद्धा दिसेनात. त्या रात्री मला झोप लागली नाही.

कारण नंतर नीट समजून घेतलं. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात, ते एकमेकांत अडकतात म्हणून साधी लोकर गरम पाण्यात चोळली की आटते. सुपरवॉश करताना क्लोरीनच्या प्रक्रियेनं हे खवले बोथट करतात आणि वरून पॉलिमरचा पातळ थर देतात. आटणं थांबतं, पण तेच खवले शेजारशेजारचे टाकेही धरून ठेवत असतात ना, ती पकडच जाते. त्यात लोकर पाणी भरपूर धरते, मग ओला स्वेटर स्वतःच्याच वजनानं खाली उतरतो. लेबलवर ‘मशीनमधे धुवा’ मोठ्या अक्षरात आणि धुतल्यावर लांबी वाढते याबद्दल एक ओळ नाही, हे मला अजूनही पटत नाही. विणणाऱ्याला खरं कळायला हवं ते हेच.

माझं चुकलं ते सॅम्पलमधे, म्हणजे माप बघायला आधी विणतात त्या छोट्या तुकड्यात. सॅम्पल विणलं होतं पण सुईवरून उतरवून तसंच मोजलं, १० सेंटिमीटरला २४ ओळी. नंतर तेच सॅम्पल धुतलं, खालच्या कडेला चिमटे लावून टांगून वाळवलं तर २१ ओळी. हिशोब करा, ६० चे साडेअडुसष्ट होतात. सगळं आधीच कळलं असतं.

उसवायलाच घेणार होते, इतकी लोकर वाया घालवणं मला जमत नाही. उसवण्याआधी सहज पुढचा आणि मागचा भाग वेगवेगळा मोजला आणि थांबले. पाठ जितकी वाढली होती तितका पुढचा भाग वाढलाच नव्हता. वेण्यांमधले टाके एकमेकांवर घट्ट ओढलेले असतात, त्यांना सरकायला जागाच कमी.

मग जे करायची भीती वाटत होती ते केलं, कपडे वाळवायच्या ड्रायरमधे टाकला. मंद उष्णता, दर दहा मिनिटांनी बाहेर काढून मोजायचा, थोडा दमट असतानाच काढून सपाट पसरायचा. ६३ वर आला! साध्या लोकरीचा असता तर त्याच ड्रायरमधे नमदा होऊन बसला असता, त्यामुळे ज्या प्रक्रियेला शिव्या दिल्या तिनंच वाचवला हे मान्य करते. पण चार दिवस घातला की खांदे परत उतरायला लागायचे, कारण वरून खाली गोल विणलाय, खांद्याला शिवणच नाही. त्यावर उपाय, आतून एका खांद्यापासून मानेमागून दुसऱ्या खांद्यापर्यंत क्रोशानं स्लिप स्टिचची (क्रोशाचा सगळ्यात बुटका टाका) एक घट्ट ओळ. अर्ध्या तासाचं काम आहे, बाहेरून काही दिसत नाही. सगळा भार ती ओळ घेते, लांबी ६२ वर थांबलीय ती तेव्हापासूनच.

बाकी काखेत आणि मनगटाला गोळे येतात, मऊ मेरिनोला येणारच, महिन्यातून एकदा काढते. ऊब उत्तम, मानेला अजिबात टोचत नाही.

आता दुसरा सुरू करतेय, साध्या तीन पदरी लोकरीत, पुढचा-मागचा भाग वेगळा विणून खांदे शिवायचे ठरवलंय. सॅम्पल धुऊन झालंय, चिमटे लावून टांगलंय. वाळल्याशिवाय टाके घालणार नाही.