पाचट ठेवू की युरिया कमी करू? एका एकराचा हिशेब

ऊसतोड टोळीने शेवटची मोळी ट्रॉलीत फेकली की रानात पोटरीइतकं पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, उरतं. पूर्वी बांधावरच्या चर्चेचा विषय एवढाच असे, काडी लावायची की नाही. आता त्यात ‘जमिनीत कर्ब (कार्बन) साठवा, कार्बन क्रेडिट (साठवलेल्या कर्बाबद्दल मिळणारे पैसे) मिळवा’ची भर पडलीय. सवड आणि पैसा एकाच कामापुरता असेल, तर कर्ब वाढवायच्या मागे लागावं की खतातून होणारं उत्सर्जन कमी करावं? मी एक एकर खोडव्याचा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या पिकाचा, हिशेब मांडला. आकडे ढोबळ आहेत, पण दिशा कळते.

आधी कर्ब. एकरी साधारण ४ टन पाचट धरा. त्यात ३५ टक्के कर्ब, म्हणजे १.४ टन. ऐकायला भरपूर वाटतं, पण कुजताना यातला बहुतेक भाग पुन्हा हवेतच जातो. दहावा हिस्सा जमिनीत टिकला असं धरलं, तर उरतात १४० किलो, म्हणजे सुमारे ५०० किलो कार्बन डायऑक्साइड. एका एकरातली वरची १५ सेंटिमीटर माती जवळपास ८०० टन भरते. माती परीक्षणाच्या कागदावर कर्ब ०.५ टक्क्यांचा ०.६ व्हायला ८०० किलो कर्ब मुरावा लागतो. या वेगाने सहा वर्षं, तेही जुना कर्ब अजिबात झिजला नाही तर! तो झिजतोच, आणि आपल्या उन्हात जास्तच.

शिवाय हा साठा कायमचा नाही. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड शेती संशोधन केंद्रात बार्लीच्या एका तुकड्याला १८५२ ते १८७१ दरवर्षी शेणखत घातलं आणि मग थांबवलं. त्या मातीतला कर्ब पुढं शंभरावर वर्षं घटत राहिला. शेणखत कधीच न मिळालेल्या शेजारच्या तुकड्यापेक्षा तो आजही जास्त आहे, हेही खरं.

आता युरिया. गोणी ४५ किलोची, त्यात नत्र सुमारे २०.७ किलो. ढोबळ जागतिक अंदाजानं त्यातलं एक टक्का नत्र नायट्रस ऑक्साइड होऊन उडतं. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. त्यात खुद्द युरिया विरघळताना सुटणारा कार्बन डायऑक्साइड मिळवा, म्हणजे एका गोणीमागं १२० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचं उत्सर्जन. कारखान्यातला धूर वेगळाच. खोडव्याला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकरी पाच गोण्याही पूर्ण लागत नाहीत. आठ टाकणारे तुम्हालाही माहीत असतील. वरच्या तीन गोण्या वाचवल्या की ३६० किलो वाचले. ते, मातीतल्या कर्बासारखे, पुढच्या नांगरटीनं पुन्हा हवेत जात नाहीत. खर्चही वाचतो, तो वेगळा.

मग ५०० मोठे की ३६०? इथंच फसगत होते. पाचट कुजवायला टनामागं ८ किलो युरिया टाकायला सांगतात. त्याचं उत्सर्जन आणि पाचटातल्या नत्राचं, दोन्ही मिळून १७० किलोच्या घरात जातात. दुसरीकडं, तेच पाचट पेटवलं असतं तर मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मिळून ३०० किलोच्या आसपास गेले असते. (जळताना निघणारा कार्बन डायऑक्साइड धरलेला नाही, तो उसानं त्याच वर्षी हवेतून घेतलेला असतो.) म्हणजे पाचट ठेवण्यातला पक्का नफा काडी न लावण्यातच आहे. मातीत साठलेला कर्ब हा त्यावरचा, थोडा बेभरवशाचा बोनस.

माझा कल स्पष्ट आहे: पहिला हात गोणीला घाला, आणि काडीपेटी घरी ठेवा. बुडखे जमिनीलगत छाटून घ्या, आणि पहारीनं बुंध्यापासून वीतभर अंतरावर, तेवढंच खोल भोक पाडून खत गाडा. पाचटावर फेकलेला युरिया अमोनिया होऊन उडतो, संध्याकाळी बांधावर वास येतो तो त्याचाच. पहिली मात्रा पंधरा दिवसांच्या आत, दुसरी साधारण साडेचार महिन्यांनी.

निचऱ्याचं रान आणि ठिबक असेल तर सगळं पाचट पसरा, फार विचार करू नका. मात्र भारी काळी जमीन, पाटपाणी आणि चार-चार दिवस वाफसा (मशागतीजोगी ओल) न येणारी सरी असेल, तर पाचटाखाली ओल दाबून राहते, आणि अशा मातीत नत्राचं नायट्रस ऑक्साइड होण्याचं प्रमाण वाढतं. तिथं पाचट एकाआड एक सरीत घाला, पाणी मोकळ्या सरीतून द्या, आणि निचरा आधी सुधारा.

क्रेडिटचा करार पुढं आलाच तर सही करण्याआधी दोन गोष्टी विचारा. मातीचा नमुना किती खोलीचा आणि किती ठिकाणचा घेणार? आणि पाच वर्षांनी मी ऊस मोडून नांगरट केली, तर दिलेले पैसे परत मागणार का?