उंचीची भीती आणि व्हीआर थेरपी: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

उंचीच्या तीव्र भीतीवर उपचार म्हणून गेले काही महिने मी मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली व्हीआर (व्हर्च्युअल रिॲलिटी) थेरपी घेत आहे, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावून संगणकाने उभी केलेली आभासी दृश्ये अनुभवण्याची थेरपी. तिचे तत्त्व जुनेच आहे: ज्याची भीती वाटते त्याला टप्प्याटप्प्याने, पुन्हा पुन्हा सामोरे जायचे आणि तिथून पळ काढायचा नाही. उंचीच्या भीतीसाठी आभासी दृश्ये वापरणारा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बार्बरा रॉथबॉम व सहकाऱ्यांचा अभ्यास १९९५ मध्येच प्रसिद्ध झाला होता.

पायाखाली खोलीची फरशी आहे हे पक्के ठाऊक असते. तरीही हेडसेटमधली काचेची लिफ्ट वर सरकू लागली की तळहातांना घाम फुटतो आणि बुटातली बोटे आपोआप आवळली जातात. मधूनमधून भीतीला शून्य ते शंभरपैकी गुण द्यायचे असतात, आणि आकडा चढला तरी कठड्यापाशीच थांबायचे असते.

मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट पुढची आहे. कठड्याशी उभा असताना मी नजर क्षितिजावर खिळवून ठेवत असे आणि हाताने खुर्चीची पाठ घट्ट धरत असे. माझे तोंड कुठे वळले आहे ते तज्ज्ञांना त्यांच्या पडद्यावर दिसत होते. त्यांनी खुर्ची बाजूला केली, खाली रस्त्यावर पाहायला लावले आणि काय होईल असे वाटते ते विचारले. तोल जाईल, असे मी म्हणालो. तोल गेला नाही. अशा छुप्या टाळाटाळीवरच भीती वर्षानुवर्षे पोसली जाते, आणि ती इतक्या नेमकेपणाने पकडली जाणे हेच मला या उपचाराचे खरे बळ वाटते.

२०१८ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १०० जणांवर घेतलेल्या चाचणीत केवळ आभासी प्रशिक्षकाच्या मार्गदर्शनानेही भीती बरीच कमी झाली होती. तरी खुर्ची दूर करणारे माणूस समोर असावे, असे माझे मत आहे.

त्रासही आहे. डोळ्यांना हालचाल दिसते पण आतल्या कानाला ती जाणवत नाही, म्हणून सुरुवातीला मळमळ होत असे. फिट्स किंवा चक्कर येण्याचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. शिवाय हेडसेटमधला सराव खऱ्या जिन्यांवर आणि गच्च्यांवर नेणे भागच आहे. माझे ते काम अजून सुरू आहे, आणि मोकळ्या लोखंडी जिन्यावर मला आजही थांबत थांबतच चढावे लागते.