आठ फुटी रॉड, ४००० मापाचं रील आणि भाट्याची खाडी: दहा-अकरा महिन्यांच्या वापरानंतर

किंमत आधी सांगून टाकतो, कारण पुलाखाली उभा असलो की येणारा-जाणारा पहिला तोच प्रश्न विचारतो. मासे गरवायचा रॉड २,३०० चा, दोरी गुंडाळायचं रील ३,४०० चं, दीडशे मीटर ब्रेड (विणलेली) दोरी ९०० ची आणि गऱ्या, शिसं, स्विव्हल (पीळ काढणारी फिरती कडी), लीडर (गरीआधीचा जाड दोरीचा तुकडा) असा किरकोळ बाजार साडेसहाशेचा. सव्वासात हजारांत सगळं बसलं. गेल्या दिवाळीनंतर घेतलं, मधला अख्खा पावसाळा वापरलं आणि आता पुन्हा थंडीच्या तोंडावर हे लिहितोय. कंपनीचं नाव देत नाही. या किमतीत तीन-चार कंपन्यांचा माल जवळपास सारखाच येतो आणि लिहिण्यासारखं जे आहे ते सगळ्यांनाच लागू पडेल.

मला नेमकं काय हवं होतं ते कळल्याशिवाय पुढचं मत उपयोगाचं नाही. मी रत्नागिरीत नोकरी करतो. संध्याकाळी सहाला सुटतो आणि स्कूटरवरून दहा मिनिटांत काजळी नदीच्या मुखाशी, भाट्याच्या पुलाजवळ पोहोचतो. सुट्टी काढून, गाडी भाड्याने घेऊन, बोट ठरवून करायचा हा शौक मला नकोच होता. आजोबांच्या पिढीत गावात ठासणीची बंदूक होती, डुकराची हाकारी असायची, त्या गोष्टी ऐकतच मोठा झालो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ते दिवस गेले आणि गेले ते बरंच झालं, रानात उरलंय तरी काय. पण पाण्याकडे बघत, वाऱ्याचा अंदाज घेत, आज काहीतरी मिळेल या आशेवर तासभर गप्प उभं राहायची ओढ काही कायद्याने जात नाही. ती गरवण्यात भागते. फक्त आठवड्यातून तीन-चारदा, ऑफिसच्याच कपड्यांत, घरी आठपर्यंत पोहोचून भागली पाहिजे. माझी परीक्षा एवढीच होती.

त्या हिशेबाने रॉडला मी नव्वद टक्के देईन. दोन तुकड्यांचा आठ फुटी, मिडियम पॉवर, दहा ते चाळीस ग्रॅम वजन फेकण्यासाठी. दोन तुकडे स्कूटरच्या पायाशी तिरपे बसतात. दुकानदार दहा-बारा फुटी सर्फ रॉड गळ्यात मारायला बघत होता. तो मांडवीच्या किंवा भाट्याच्या उघड्या किनाऱ्यावर लाटांच्या पलीकडे शिसं फेकायला ठीक आहे. खाडीत मागे कांदळवन असतं, पायाखाली शेवाळलेले खडक, मासा बहुतेक वेळा वीस-पंचवीस मीटरच्या आतच. तिथे लांब दांडी म्हणजे नुसती डोकेदुखी. सहा फुटी घेतला तर दोरी पुढच्या खडकांवर घासते. आठ हे माप इथल्यासाठी अगदी बेताचं आहे.

टोक मऊ आहे आणि खालचा अर्धा भाग चांगला ताठ, हे मला सगळ्यात आवडलं. काळुंदर, शिंगाळा, तांबोशी हे इथले मासे, प्रत्येकाची ओढ वेगळी. काळुंदर आमिष टोकरतं तेव्हा टोक बारीक थरथरतं, तीनदा, चारदा, मग थांबतं. तेव्हा घाई करून ओढायचं नाही. शिंगाळा आला की टोक सावकाश वाकत जातं, कुणी ओलं पोतं ओढत नेतंय असं. तांबोशी मात्र विचारत नाही. दोरी बोटाला एकदम टणक लागते, टोक खाली जातं आणि मासा आला त्याच वेगाने खडकाच्या कपारीकडे वळतो. त्या पहिल्या दोन सेकंदांत त्याला अडवलं तर तो आपला, नाहीतर दोरी कपारीत अडकली म्हणून समजा. इथे खालच्या भागाचा ताठपणा कामाला येतो. अर्ध्या किलोची तांबोशी या रॉडने मी जागच्या जागी फिरवलेली आहे. दीड-दोन किलोची असेल तर कोण कुणाला फिरवेल हे सांगता येत नाही.

तक्रार एकच. रॉडवरच्या ज्या रिंगांतून दोरी जाते, त्यांतल्या वरून दुसऱ्या रिंगमधला सिरॅमिकचा कडा पावसाळ्याआधीच टवका उडून खरखरीत झाला. डोळ्याला दिसत नाही. दोरी उगाच तुटायला लागली तेव्हा कान साफ करायची कापसाची काडी सगळ्या रिंगांतून फिरवली, तर एका ठिकाणी कापसाचे तंतू अडकले. नवी रिंग दीडशे रुपयांत बसली, पण बसवणारा शोधण्यात आठवडा गेला. नवा रॉड घेताना दुकानातच ही काडी फिरवून बघा. दुकानदार हसेल, हसू दे.

रीलबद्दल मत तितकं गोड नाही. पहिले पाच-सहा महिने लोण्यासारखं चाललं. ड्रॅग, म्हणजे मासा जोरात ओढू लागला की दोरी सुटू देणारा ब्रेक, गुळगुळीत आहे. दोरीच्या ताकदीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश ताणाला दोरी सुटली पाहिजे. घरी वजनकाट्याला दोरी बांधून एकदा लावून ठेवली आणि नंतर फार हात लावावा लागला नाही. पण खाऱ्या पाण्याला चालतं असं खोक्यावर लिहिलेलं असलं तरी त्यावर विसंबू नका. आषाढात लाइन रोलरचं, म्हणजे दोरी जिथून वळते त्या चिमुकल्या चाकाचं बेअरिंग गंजून अडकलं. चाक फिरायचं थांबलं की दोरी त्यावर नुसती घासत राहते आणि वळ पडत जातात. विक्रेत्याला लिहिलं, तर सुटा भाग मिळत नाही, अख्खं रील बदलून घ्या, तेही निम्म्या पैशांत, असं उत्तर आलं. शेवटी एमआयडीसीतल्या एका बेअरिंगच्या दुकानात मापाचं स्टेनलेस बेअरिंग मिळालं आणि काम चाललं. हे होणार हे गृहीत धरूनच या किमतीचं रील घ्यावं.

देखभाल मी काटेकोर करतो, तरीही हे झालं. घरी आल्यावर आधी ड्रॅगची चकती घट्ट करायची, म्हणजे वॉशरमध्ये पाणी शिरत नाही. मग मगाने गोडं पाणी हलकेच ओतायचं. नळाची जोराची धार मारली तर बाहेरचं मीठ आतच ढकललं जातं. पुसून, चकती पुन्हा सैल करून सावलीत ठेवायचं. रोलरला आणि हँडलच्या मुळाशी तेलाचा एक थेंब. पाच मिनिटांचं काम, पण पाऊस पडत असताना, मासे साफ करून झाल्यावर, रात्री नऊ वाजता ही पाच मिनिटं फार जड जातात.

दोरी. ब्रेड बारीक असते, ताणत नाही, त्यामुळे हलका टोकरा सुद्धा बोटाला कळतो. पण भाट्याच्या खडकांवर कालवं आहेत, आणि कालवाच्या कडेला ब्रेड नुसती टेकली तरी कापली जाते. म्हणून पुढे हात-दीड हात जाड नायलॉनचा लीडर हवाच. केंड मासा लागला तर त्याचाही उपयोग नाही. पोपटासारख्या चोचीने तो लीडर सफाईने छाटून जातो, गरीसकट. वर आलाच तर पोट फुगवून करकर दात वाजवत बसतो. तो विषारी, खायचा नाही. पक्कडीने गरी काढून पाण्यात सोडायचा. श्रावणात केंडांची टोळी आली की मी सरळ जागा बदलतो. तुटलेल्या दोरीचे तुकडे मात्र खिशात घालून घरी आणा. कांदळवनात अडकलेल्या दोरीत बगळ्याचा पाय गुंतलेला मी पाहिलाय.

रबरी मासे आणि रंगीत प्लास्टिकची कोलंबी यांवर पैसे घालवण्यापूर्वी हे वाचा. राजिवड्यातले एक वयस्कर चाचा पुलाखाली नेहमी असतात. हातात दांडी नाही, बाटलीला गुंडाळलेली दोरी आणि एक गरी. माझं सामान त्यांनी निरखून पाहिलं, रील फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "दांडी चांगली हाय तुमची. पण मासा दांडी खातो काय?" आणि डब्यातली एक जिवंत कोलंबी माझ्या हातावर ठेवली. तेव्हापासून मी पाग (फेकजाळं) मारणाऱ्यांकडून वीस-तीस रुपयांची कोलंबी घेतो. शेपटीच्या शेवटच्या पेरातून गरी घालायची, म्हणजे ती पाण्यात जिवंत राहते, उड्या मारते. खाडीचं पाणी वर्षातले बरेच महिने गढूळ असतं. तिथे माशाला रंग कुठून दिसणार, त्याला वास आणि हालचाल कळते. पाणी निवळतं त्या हिवाळ्याच्या दिवसांत, पहाटे, प्लास्टिकवरही मासा येतो. पण चाचांची बाटली माझ्या सव्वासात हजारांच्या बरोबरीने मासे काढते, हे नमूद करणं भाग आहे. दांडीने काय मिळालं, तर तीस मीटर पलीकडची जागा आणि मोठा मासा थोपवायची ताकद.

रोज जाता येतं म्हणून एक गोष्ट हळूहळू अंगवळणी पडली. भरतीची वेळ. मोबाइलवर तक्ते आहेत, पण चाचा तिथीवर चालतात: तिथीला पाऊणपट करायची, तेवढे वाजता भरती. दशमीला साडेसात, पौर्णिमेला सव्वाअकरा. नदीत जसे वर जाल तशी ती उशिरा. आता माझंही ऑफिसचं वेळापत्रक एक आणि तिथीचं एक. चतुर्थी-पंचमीला भरती दुपारीच होऊन जाते. सहाला पोहोचेपर्यंत ओहोटी निम्म्यावर आलेली आणि पाणी उतरतच असतं. त्या दिवशी मी भाजी घेऊन घरी जातो. अष्टमी-नवमीला सहा-पावणेसातला भरती, पण ते भांगाचं, म्हणजे कमी चढ-उताराचं पाणी, ओढ कमी. उधाणाला पाणी जोरात वाहतं, शिसं वाढवावं लागतं. माझ्या नोकरीला सगळ्यात सोयीची दशमी-एकादशी. सात-आठच्या दरम्यान पाणी चढायचं थांबतं आणि शेवटचा चढता तास नेमका माझ्या हातात असतो.

पावसाळ्याबद्दल. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, बाजारात मासळी महाग, म्हणून किनाऱ्यावर गरवायला गर्दी होते. या दिवसांत रॉडचा खरा कस लागला. पहिल्या पुराचं तांबडं पाणी आलं की शिंगाळे लागतात. त्याच्या पाठीवरच्या आणि दोन्ही बाजूंच्या काट्यांना विष असतं. काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा, वेदना उतरते. सूज वाढली तर डॉक्टर गाठायचा. मी फडक्याने धरतो आणि लांब नाकाची पक्कड पट्ट्याला अडकवलेली असते. रॉड विकत घ्याल त्याच दिवशी ही पक्कडही घ्या, रीलपेक्षा जास्त कामाची आहे. दुसरं, कार्बनचा रॉड विजेचा उत्तम वाहक आहे. वळवाचं आभाळ गडगडायला लागलं की दांडी आडवी करून निघायचं, मासा लागत असला तरी. डोक्यावर विजेच्या तारा असतील तिथे फेकायचं नाही. खोक्यावर हे बारीक अक्षरांत छापलेलं असतं, कुणी वाचत नाही.

घरच्यांचं मत विचाराल तर आई रॉडवर खूश आहे. काळुंदरं तळून आणि तांबोशीच्या डोक्याचं सार, एवढं आठवड्यातून एकदा जमलं की तिची तक्रार नसते. तळव्यापेक्षा लहान मासा मी परत सोडतो. राज्याने २०२३ मध्ये बऱ्याच जातींची किमान लांबी ठरवून दिली, ती मुख्यतः बोटवाल्यांसाठी असली तरी खाडीवरही पाळायला हरकत नाही. गोल वळणाची गरी, तिला दुकानात सर्कल हूक म्हणतात, ती वापरली तर मासा बहुधा ओठाच्या कोपऱ्यात अडकतो, घशात नाही, म्हणून सोडलेला जगतो. खजुरा, म्हणजे रायगडवाल्यांचा जिताडा, यात तर हे फारच महत्त्वाचं: तो आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. मोठे खजुरे सगळे काढले तर अंडी घालणार कोण?

आता कुणी घ्यावा. खाडीजवळ राहत असाल आणि आठवड्यातून दोनदा तरी जाणार असाल तर हा संच घ्या, मात्र पैसे थोडे इकडचे तिकडे करा: रॉड दोन हजारांचा चालेल, रीलवर हजारभर वाढवा आणि ज्याचे सुटे भाग मिळतात असंच बघा. वर्षातून दोनदा गणपती-शिमग्याला गावी येणार असाल तर चाचांची बाटली घ्या, साठ रुपयांत काम होतं. पुण्याहून एका मित्राने विचारलं की धरणावर चालेल का. कटला-रोहूला आठ फुटी मिडियम उत्तम चालेल आणि गोड्या पाण्यात रीलही कितीतरी वर्षं टिकेल. पण बहुतेक धरणांतली मासेमारी सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते. आधी त्यांच्याकडे विचारा, कुठे पावती फाडावी लागते, कुठे सरळ नाही म्हणतात.