चंडीगडच्या वळणाचे एक हॉटेल

चंडीगडमधील या छोटेखानी हॉटेलात आम्ही मे महिन्यात तीन रात्री राहिलो. तक्रारी करायच्या असल्यामुळे त्याचे नाव मुद्दामच लिहीत नाही. वास्तुरचनाकार ल कार्बुझिए आणि त्यांचे चुलतभाऊ पिएर जान्नरे यांनी १९५०च्या दशकात या शहराला जे रूप दिले, ते इमारतीत उतरवल्याचा हॉटेलचालकांचा दावा आहे, आणि आत शिरताना तो खराही वाटतो. स्वागतकक्षाच्या भिंतींना गिलावा नाही. सेंट्रिंगच्या फळ्यांचे ठसे, लाकडाच्या गाठींसकट, काँक्रीटवर तसेच ठेवले आहेत. न्याहारीच्या दालनात विटांची जाळी आहे आणि सकाळी आठच्या सुमारास तिच्यातून येणारे उन्हाचे कवडसे टेबलांवरून सरकताना पाहत चहा थंड होऊ द्यावा, इतके ते सुरेख आहे.

खोलीतली खुर्ची जान्नरेंच्या धाटणीची: सागवानी लाकूड, वेताची बैठक आणि कर्कटकासारखे फाकलेले पाय. मूळ खुर्च्या सरकारी कचेऱ्यांसाठी घडवल्या गेल्या, पुढे भंगारात निघाल्या आणि आता परदेशी लिलावांत मोठ्या किमतीला विकल्या जातात. ही अर्थातच नक्कल. पण वेत ताणून विणलेला आहे आणि तासभर वाचत बसूनही पाठ कुरकुरली नाही.

कार्बुझिएंची मापनपद्धती, म्हणजे ‘मोड्युलॉर’, १८३ सेंटिमीटर उंचीच्या पुरुषावर बेतलेली आहे. हॉटेलाने ती इतक्या निष्ठेने पाळली आहे की कपाटातल्या दांडीपर्यंत माझ्या पत्नीचा हात पोहोचेना.

खरी चूक मात्र उन्हाशी संबंधित आहे. येथील सचिवालयाच्या २५४ मीटर लांबीच्या दर्शनी भागावर दिसणाऱ्या काँक्रीटच्या खोल चौकटी शोभेसाठी नाहीत. काचेवर ऊन पडण्यापूर्वीच त्यांनी ते अडवावे, हे त्यांचे काम आहे. हॉटेलानेही तशा चौकटी उभारल्या आहेत, पण त्या रस्त्याकडच्या, म्हणजे उत्तरेच्या बाजूला, जिथे भर दुपारी ऊन येतच नाही. आमच्या पश्चिमेच्या खोलीला मात्र छतापासून जमिनीपर्यंत उघडी काच होती. दुपारी चारनंतर वातानुकूलन यंत्र घरघरत राही, पडदा हाताला गरम लागे आणि ती देखणी खुर्ची दाराजवळ ओढून घ्यावी लागे.

कर्मचारी अत्यंत नम्र आहेत. २०१६ साली जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेला कॅपिटॉल परिसर, म्हणजे सचिवालय ज्यात आहे तो सरकारी इमारतींचा समूह, मार्गदर्शकासोबतच पाहता येतो आणि त्यासाठी ओळखपत्र लागते, हे त्यांनी आदल्या रात्रीच आठवणीने सांगितले. तक्रारीनंतर तिसऱ्या दिवशी त्यांनी खोलीही बदलून दिली. ती उत्तरेची होती; खिडकीबाहेर हातभर खोल काँक्रीटच्या चौकटी होत्या आणि दुपारी तीन वाजता वाचायला दिवा लावावा लागला.