विहिरीची भिंत बघायची कशाने: पॅड की अल्ट्रासोनिक?

तेल-वायूच्या विहिरीत भिंतीची इमेज घ्यायला दोन प्रकारची टूल्स असतात: भिंतीला टेकून तिच्यात करंट सोडणारं पॅड, आणि ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपणारं अल्ट्रासोनिक. मड, म्हणजे ड्रिलिंग करताना विहिरीत भरलेला चिखलासारखा द्रव, ऑइल-बेस्ड असेल तर फारसा वाद उरत नाही. साध्या रेझिस्टिव्हिटी (विद्युतरोध मोजणाऱ्या) पॅडचा करंट त्यातून भिंतीपर्यंत पोचतच नाही. अल्ट्रासोनिक घ्या, किंवा त्या मडसाठी बनवलेलं वेगळं पॅड टूल. पंचाईत होते ती वॉटर-बेस्ड मडमध्ये, कारण तिथे दोन्ही चालतात.

कागदावर अल्ट्रासोनिक वरचढ आहे. ट्रान्सड्यूसर (ध्वनी सोडणारा आणि टिपणारा भाग) गोल फिरतो, 360 अंश भिंत दिसते, शिवाय ट्रॅव्हल टाइमवरून, म्हणजे ध्वनी जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेवरून, बोअरचा (खोदलेल्या भोकाचा) आकार मिळतो. 192 बटणांचं (करंट मोजणाऱ्या छोट्या इलेक्ट्रोडचं) नेहमीचं पॅड टूल 8 इंची बोअरमध्ये जेमतेम 80 टक्के भिंत दाखवतं. 12¼ इंचात निम्मीच. प्रिंटवरच्या पांढऱ्या उभ्या पट्ट्या बघून ड्रिलिंगवाले विचारणारच, ‘इथलं कुठे गेलं?’

तरीही मी पॅडकडे झुकतो, ते तिरक्या विहिरींमुळे. तिथे टूल स्वतःच्या वजनाने खालच्या बाजूला सरकतं. एकदा मध्य सुटला की डाव्या-उजव्या भिंतीवर ध्वनी तिरपा आदळतो, परत येतो तो अगदी क्षीण, आणि ॲम्प्लिट्यूड (परतलेल्या ध्वनीचा जोर) इमेजवर 180 अंशांच्या अंतराने दोन काळ्या उभ्या पट्ट्या उमटतात. आता ब्रेकआउट, म्हणजे खडकातल्या ताणामुळे भिंत समोरासमोरच्या दोन बाजूंनी ढासळणं, कसा दिसतो? अगदी असाच. ट्रॅव्हल टाइमवर त्या जागी त्रिज्या खरंच वाढली आहे का, हे ताडून बघता येतं म्हणा. पण जड मडमध्ये सिग्नल मरतो आणि तो आधारही जातो. त्या पट्ट्यांवरून ताणाची दिशा काढून मड वेट (मडची घनता) ठरवणाऱ्यांच्या हाती द्यायची, हे मला कधीच पटलं नाही. पॅडची पांढरी पट्टी निदान ‘इथे मी बघितलंच नाही’ एवढं तरी सांगते.

पॅडचीही रड आहेच. वॉशआउटमध्ये (भिंत झिजून बोअर रुंद झालेल्या जागी) पॅड टेकत नाहीत, इमेज धुरकट होते. टूल अडकून झटक्याने सुटलं की फ्रॅक्चरची (खडकातल्या भेगेची) इमेजवरची साइन वेव्ह करवतीच्या दात्यांसारखी तुटते. स्पीड करेक्शनने (टूलच्या वेगातला फरक दुरुस्त करून) बरंचसं निभावतं. मातीने भरलेलं फ्रॅक्चर उघड्यासारखंच काळं दिसतं, तिथे मात्र अल्ट्रासोनिकची साथ हवी. बारीक थर आणि क्रॉस-बेडिंग (थरांमधले तिरपे थर) यांत पॅडच्या जवळपास कोणी नाही, असं माझं तरी मत.

उभी विहीर, मोठा बोअर आणि प्रश्न फक्त ब्रेकआउटचा असेल, तर अल्ट्रासोनिक खुशाल घ्या. फक्त सेंट्रलायझर (टूल मध्यात धरणारे) कोणते लावणार ते टूल खाली जाण्याआधी विचारा, आणि ट्रॅव्हल टाइमची इमेज आठवणीने मागून घ्या. काही जण नुसती ॲम्प्लिट्यूड पाठवून मोकळे होतात.