टेललाइटचा बल्ब: साधा की एलईडी?

जळगाव-भुसावळ रस्त्यावर रात्री केळीचे ट्रक भरधाव असतात. मागचा दिवा गेला असेल, तर बल्ब आजच बदला, उद्यावर ढकलू नका.

साधा बल्ब म्हणजे बऱ्याच गाड्यांत १२ व्होल्टचा, २१/५ वॅटचा दुहेरी फिलामेंटवाला: ५ वॅट टेलला, २१ ब्रेकला. स्वस्त, कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो. डिकी उघडा, होल्डर फिरवून काढा, बल्ब दाबून डावीकडे वळवा, सुटतो. त्याच्या दोन पिना वरखाली असतात, म्हणून उलटा बसतच नाही. जोर लावू नका. काच काळवंडलेली दिसली की समजा, फिलामेंट संपलं.

एलईडी महाग, पण खड्ड्यांच्या हादऱ्यांत तुटायला तिच्यात फिलामेंटच नाही. ब्रेकला ती साध्यापेक्षा सुमारे ०.२ सेकंद आधी पेटते. ताशी ८० च्या वेगात मागच्याला चारेक मीटर जास्त मिळतात. मात्र लाल काचेमागे लालच एलईडी घ्या, पांढरी फिकट दिसते. काही गाड्यांत डॅशबोर्डवर ‘बल्ब गेला’ असा इशाराही येत राहतो.

माझं मत? कंपनीने साधा दिला असेल तर साधाच लावा, आणि एक जादा डिकीत ठेवा. रिफ्लेक्टर त्याच बल्बसाठी घडवलेला असतो. स्वस्त एलईडीचा उजेड त्यात नीट पसरत नाही.