बऱ्याच वर्षांच्या गॅपनंतर परत बोहंटिंग: काय सामान घेतलं आणि एक अख्खा सीझन वापरून काय वाटलं

आधीच क्लिअर करतो, मी न्यू जर्सीत राहतो, हंटरडन काउंटीच्या बाजूला, आणि इथे लायसन्स काढून धनुष्यबाणाने हरणाची शिकार करता येते. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे आणि ती बंदच राहावी असं माझं ठाम मत आहे. इथली गोष्ट वेगळी, इथे व्हाइटटेल हरणं इतकी वाढलीत की जंगलात नवीन रोप गुडघ्याच्या वर येत नाही, रात्री गाड्यांना धडकतात ते वेगळंच, म्हणून काही झोनमध्ये तर सुरुवातीच्या सीझनला आधी मादी मारल्याशिवाय शिंगवाला नर मारायला परवानगीच नाही.

मी २००० नंतरची काही वर्षं नियमित जायचो, मग मुलं झाली, नोकरी बदलली, उजवा खांदा धरला आणि सगळं सुटलं ते सुटलंच. मागच्या वसंत ऋतूत परत सुरुवात केली, उन्हाळाभर प्रॅक्टिस आणि मग सप्टेंबरपासून हिवाळ्यापर्यंत सीझन, तेव्हा आता जे लिहितोय ते वापरून लिहितोय. मधल्या काळात दुकानात जे काही नवीन आलंय त्यातलं निम्मं नुसत्या स्पीडच्या नावाने विकलं जातं आणि माझ्यासारख्या परत येणाऱ्या माणसाला स्पीड हवाच नसतो. त्याला असा बो हवा की जो तो नोव्हेंबरच्या पहाटे, तीन-चार तास झाडावर बसून आखडलेल्या अंगाने, हळूच आणि आवाज न करता खेचू शकेल. पहिल्याच बाणात हरीण लवकर आणि कमीत कमी त्रासात जायला पाहिजे, हे नसेल तर मग बाकी कशाला अर्थ नाही. प्रत्येक वस्तू मी याच हिशोबाने घेतली.

जुना कंपाउंड बो (दोन्ही टोकांना चाकं असलेला) गॅरेजमध्ये होता. तो खेचून बघायच्या आधी दुकानात नेला आणि तुम्हीही न्याच, कारण वर्षानुवर्षं उन्हाळ्याची धग खाल्लेला लिंब (limb, बोचा वाकणारा हात) आतून चिरलेला असू शकतो. तिथल्या काकांनी (माणूस सत्तरीचा असेल, आयुष्यभर हेच केलंय) कापसाचा बोळा घेतला आणि दोन्ही लिंबांवरून कडेकडेने फिरवला. खालच्या लिंबावर एका जागी कापसाचे दोन तंतू अडकून राहिले, डोळ्याला तिथे काही म्हणजे काही दिसत नव्हतं, नखाने चाचपलं तेव्हा केसाएवढी चीर लागली. विषय संपला, तो बो आता भिंतीवर आहे.

नवीन बो मधल्या किमतीतला घेतला. मोठ्या कंपन्यांचे टॉपचे मॉडेल नुसते बो म्हणून बाराशे डॉलरच्या पुढे जातात, कार्बनचे तर अजून वर, आणि सगळं लावून तयार मिळणारी पॅकेजं त्याहून बरीच स्वस्त असतात. हॉइट, मॅथ्यूज, पीएसई, बोटेक, बेअर, सगळ्यांचे हातात घेऊन बघितले आणि खरं सांगू का, आज वाईट बो कोणीच बनवत नाही, तुमच्या मापाचा कुठला एवढाच प्रश्न आहे. म्हणून मी घेतलेल्याचं नाव सांगत नाही, तुमचे हात माझ्याएवढे लांब असतीलच असं नाही. दोन्ही हात पसरून बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत इंचात मोजा, अडीचने भागा, तो तुमचा अंदाजे ड्रॉ लेंग्थ, म्हणजे दोरी किती मागे खेचायची ते माप. माझा २८ येतो. पूर्वी मी २९ वर मारायचो, तेव्हा तशीच फॅशन होती, आता अर्धा इंच जरी जास्त झाला तरी पुढचा खांदा वर चढतो आणि दुखायला लागतो.

सगळ्यात मोठा फरक म्हणजे लेट-ऑफ, म्हणजे दोरी पूर्ण खेचल्यावर हातावरचं वजन जितकं कमी होतं ते. जुन्या बोवर ६५ टक्क्यांचा होता, म्हणजे ६५ पाउंड खेचून धरताना हातावर २३ पाउंड राहायचे. आताचा ८५ टक्क्यांचा आणि मी तो ६० वरच ठेवलाय, म्हणजे धरायचे फक्त ९ पाउंड. आकड्यात हे छोटं वाटतं पण ऑक्टोबरमध्ये एक मादी ओकच्या फांदीमागे येऊन थांबली, खांदा झाकलेला, डोकं खाली, मी पूर्ण ड्रॉवर होतो आणि ती हलेचना. जुन्या बोवर मला बाण न सोडता दोरी परत सैल करावी लागली असती, ती हालचाल तिने बघितली असती आणि गेली असती. इथे मी श्वास घेत शांत उभा राहिलो, तिने स्वतःहून दोन पावलं पुढे टाकली, मगच बाण सोडला. साठ-सत्तर यार्डांवर पडली, बघता बघता.

आता ६० पाउंडवर लोक म्हणतात कमी नाही का, तर अजिबात नाही. न्यू जर्सीत हरणासाठी कायद्याने किमान ३५ लागतात. माझा बाण ४३० ग्रेनचा (बाणाच्या वजनाचं छोटं एकक) आहे आणि क्रोनोग्राफवर (वेग मोजायचं यंत्र) २६० फूट प्रति सेकंदाच्या आसपास जातो. बोच्या जाहिरातीत ३३५ लिहिलेलं असतं ते ७० पाउंड, ३० इंच ड्रॉ आणि ३५० ग्रेनच्या हलक्या बाणावर मोजलेलं असतं, त्यातलं आपल्याला एकही लागू नाही. आणि जरा हिशोब करा, २० यार्डांवर माझा बाण पोचायला साधारण पाव सेकंद लागतो पण दोरीचा आवाज त्याच्या कितीतरी आधी पोचतो, ध्वनीचा वेग ११०० फुटांच्या वर आहे, म्हणजे दचकलेलं हरीण खाली दबायला लागतं तेव्हा बाण अजून हवेतच असतो. वीस-तीस फूट स्पीड वाढवून हे सुटत नाही, अंतर कमी ठेवून आणि बो शांत ठेवून सुटतं. जड बाणाने बोचा आवाज कमी होतो हे मी कानाने अनुभवलंय. माझी मर्यादा २५ यार्ड, टार्गेटवर ५० ला ग्रुप चांगला बसत असला तरी.

बाणांवर मात्र मी पैसे वाचवले नाहीत. पूर्वी ॲल्युमिनियमचे २२१९ वापरायचो, पाइपसारखे जाड, आता कार्बन ४०० स्पाइनचे (बाणाच्या कडकपणाचा नंबर), पुढे १०० ग्रेनचा तीन पात्यांचा फिक्स्ड ब्रॉडहेड, म्हणजे न हलणाऱ्या पात्यांचं शिकारीचं टोक. उघडणारे मेकॅनिकलही चांगले आहेत, जखम रुंद होते आणि माग काढणं सोपं जातं, पण पाती उघडण्यात ताकद खर्च होते आणि ६० पाउंडवर मला दोन्ही बाजूंनी आरपार गेलेला बाण जास्त महत्त्वाचा वाटतो. फिक्स्ड लावायचं तर बो नीट ट्यून पाहिजे हे मात्र सोडून चालत नाही. दुकानात सहा फुटांवरून ताणलेल्या कागदातून बाण मारला तर पिसांची फाट टोकाच्या भोकापासून पाऊण इंच डावीकडे, म्हणजे बाण तिरका निघतोय, रेस्ट (बाण टेकतो तो आधार) जराजरासा सरकवत, कॅमची (टोकांच्या चाकांची) जागा बदलत ते एक भोक आणि तीन छोट्या चिरा इतकं स्वच्छ झालं तेव्हा काका म्हणाले आता जा घरी. हे काम ऑनलाइन घेतलेल्या बोला कोणी करून देत नाही, दिलंच तर वेगळे पैसे घेतात, म्हणून दुकानातून घ्या.

चाळिशीनंतर परत येणाऱ्यांसाठी डोळ्यांचं कोणी सांगत नाही ते मी सांगतो. पॅकेजमध्ये पाच पिनांची साइट (नेम धरायचं साधन, एकेका अंतराला एकेक पिन) होती, पहाटेच्या अंधुक उजेडात माझ्या डोळ्यांना पाच हिरवे-लाल तारे फुटलेले दिसायचे, कुठली वीसची कुठली तीसची कळेना. ती काढून एका पिनची सरकणारी घेतली, पीप (दोरीत बसवलेलं बघायचं भोक) ३/१६ चा बदलून १/४ चा बसवला, उजेड जास्त आत येतो. चष्म्याचा नंबर बदलला असेल तर आधी तो करून घ्या, मग साइट.

तक्रार एकच पण गंभीर आहे. पॅकेजसोबत आलेला ड्रॉप-अवे रेस्ट (बाण सुटताना खाली पडणारा), त्याची दोरी केबलला (चाकांना जोडणारी बोची दुसरी दोरी) क्लॅम्प केलेली असते, ती ऑगस्टमध्ये हळूहळू सरकली आणि रेस्ट वेळेवर खाली पडेना, पिसं घासायला लागली, बाण मनाला येईल तिकडे. स्क्रू आवळून भागलं नाही, शेवटी दुकानात ती दोरी केबलच्या आतून ओवून वर धाग्याने घट्ट बांधून घेतली, तेव्हापासून हललेली नाही. पॅकेज घेतलंत तर हे पहिल्याच दिवशी करून घ्या आणि केबलवर पांढऱ्या मार्करने खूण करा म्हणजे सरकली तर लगेच दिसेल.

जुना हार्नेस (झाडावर अंगाला बांधायचे सुरक्षेचे पट्टे) फेकून द्या, हे हात जोडून सांगतो. कंपन्या साधारण ५ वर्षांनी बदला म्हणतात, पट्टे दिसायला ठीक असले तरी. न्यू जर्सीत घरापासून १५० ते ४५० फुटांच्या पट्ट्यात बोहंटिंग करायचं तर उंचावरूनच खाली मारावं लागतं, म्हणजे झाडावर चढणं आलंच, आणि बहुतेक अपघात बसल्यावर नाही, चढता-उतरताना होतात. जमिनीपासून वरपर्यंत लाइफलाइन (सुरक्षेचा दोर) बांधा आणि पहिलं पाऊल टाकायच्या आधी हार्नेस त्यावरच्या प्रुसिकच्या गाठीला (सरकवता येते पण ताण आला की आवळते) अडकवा. लायसन्ससाठी जुनं बो लायसन्स किंवा कोर्सचं कार्ड दाखवावं लागतं, ते शोधून ठेवा, नाहीतर कोर्स परत करावा लागेल.

साताऱ्याहून माझी भाची विचारत होती की तुझा बो आदिती स्वामीसारखा आहे का. जात एकच, कंपाउंड, २०२३ ला बर्लिनमध्ये आदिती आणि आपला नागपूरचा ओजस देवतळे दोघंही त्यावरच वर्ल्ड चॅम्पियन झाले, फार अभिमान वाटला. पण त्यांचा बो लांब, पुढे-मागे स्टॅबिलायझरच्या (बो स्थिर ठेवणाऱ्या) लांब काठ्या, ५० मीटरवर निशाणा, माझा ॲक्सल ते ॲक्सल (एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत) ३१ इंच म्हणजे झाडावर फांद्यांत अडकत नाही. तिला शिकायचं असेल तर बोहंटिंगचा बो अजिबात घेऊ नका असं सांगितलंय.

खांदा अगदीच साथ देत नसेल तर क्रॉसबो (बंदुकीसारखा धरायचा, दोरी खेचून आधीच अडकवून ठेवलेला) आहे, इथे सगळ्या बो सीझनला चालतो, त्यात कमीपणा मानू नका. बाकी यंदा मी दोरी आणि केबल जूनमध्येच बदलून घेणार आहे, दोन सीझन चालतील असं म्हणतात पण कॅमजवळच्या सर्व्हिंगचा (दोरीवर गुंडाळलेलं संरक्षक आवरण) धागा सुटायला लागलाय, आणि नवीन दोरी सुरुवातीला थोडी ताणते, पीप फिरतो, साइट परत लावावी लागते, तेवढा वेळ सप्टेंबरच्या आधी हातात पाहिजे.